गवयाचे घर कोणी राखायचे?

जर्मनीतील आयझेनाख या गावी योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराचे जन्मघर म्हणून ज्या वास्तूत १९०७ साली संग्रहालय सुरू झाले, त्या वास्तूत बाखचा जन्म झालाच नव्हता, हे पुढे काही दशकांतच अभ्यासकांनी जुन्या नोंदींवरून दाखवून दिले. बाख १६८५ मध्ये त्याच गावात जन्मला हे खरे, परंतु त्याच्या वडिलांचे घर दुसऱ्या रस्त्यावर होते. जन्मघर म्हणून उभारलेल्या संग्रहालयाचा पायाच अशा रीतीने निघून गेला. तरीही ते संग्रहालय बंद पडले नाही, आणि आज ती चूक तेथे कोणी लपवतही नाही. मुलीकडे जर्मनीला गेलो असताना मी ते पाहिले. तेथे दर तासाला वाद्यांच्या दालनात लोकांना बसवतात आणि संग्रहालयातलाच एक वादक बाखच्या काळातली पाच पट्टीवाद्ये एकेक करून वाजवून दाखवतो. एका जुन्या ऑर्गनचा भाता ओढायला त्याने आमच्यातूनच एका शाळकरी मुलाला पुढे बोलावले. क्लॅव्हिकॉर्ड नावाच्या पेटीवजा वाद्याचा आवाज इतका बारीक असतो की ते वाजू लागताच खोलीतल्या माणसांनी खुर्चीत हलणेसुद्धा थांबवले. बाहेर पडताना, हे घर बाखचे नाही, ही गोष्ट माझ्या मनातून पूर्णपणे गेली होती.

त्या वीस मिनिटांनी मला जे सुचवले ते मी गेली काही वर्षे नागपुरात मित्रांशी बोलत आलो आहे आणि येथे सविस्तर मांडू इच्छितो. संगीतकाराचे राहते घर राखावे, हे मला मान्य आहे, इतकेच नव्हे तर ते आपले कर्तव्य आहे असे मी मानतो. परंतु ते राखायचे ते तेथे गाणे चालू राहावे म्हणून. भिंती, खाट, चष्मा आणि काठी यांना काचेत ठेवून दाराला कुलूप लावायचे असेल, तर त्या घराचे संग्रहालय होणे आणि त्या घराची इमारत होणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. आणि हे काम कलावंताच्या वारसांच्या अंगावर टाकून किंवा सरकारकडे निवेदन देऊन संपत नाही. ते गावाने करायचे काम आहे.

नागपुरात हा प्रश्न मधून मधून डोके वर काढतो. महालात किंवा इतवारीत एखादा जुना वाडा उतरवायला काढतात, त्यात कधीकाळी कोणी गवई किंवा नाटकातला नट राहत असे याची कोणाला तरी आठवण होते, वर्तमानपत्रात वाचकांचे पत्र येते, स्मारकाची मागणी होते आणि पावसाळा संपेपर्यंत तेथे पार्किंगसाठी खांब उभे राहिलेले असतात. मागणी करणारे प्रामाणिक असतात, याविषयी मला शंका नाही. मात्र स्मारक म्हणजे नेमके काय, याचे चित्र त्यांच्या मनात नसते. फार तर अर्धपुतळा, कोनशिला आणि जयंतीला हार एवढेच असते. चित्र नसल्यामुळे मागणीला धार येत नाही.

संगीताच्या बाबतीत घराला महत्त्व देण्यावर पहिला आक्षेप संगीतकारच घेतात. विटा गात नाहीत, गाणे गळ्यात असते आणि गळ्यातून गळ्यात जाते, असे ते म्हणतात. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. व्हिएन्नातील ज्या घरात मोझार्ट १७८४ ते १७८७ या काळात राहिला आणि जेथे त्याने ‘फिगारोचा विवाह’ हा ऑपेरा लिहिला, त्या घरात त्याचे स्वतःचे सामान उरलेले नाही. साल्झबर्गमध्ये मोझार्ट कुटुंब त्याआधी ज्या मोठ्या घरात राहत होते, ते तर दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश पडले आणि त्या जागी कचेऱ्यांची इमारत उभी राहिली. मोझार्टच्या नावाने चालणाऱ्या तेथील प्रतिष्ठानाने १९८९ मध्ये ती इमारत विकत घेतली, पाडली, जुन्या नकाशांवरून घर पुन्हा बांधले आणि १९९६ मध्ये ते लोकांना खुले केले. म्हणजे आज तेथे जाणारा माणूस ज्या भिंतींना हात लावतो त्यांतल्या बऱ्याचशा मोझार्टने पाहिलेल्या नाहीत. मग माणसे कशासाठी जातात?

माझ्या समजुतीप्रमाणे घर एक गोष्ट सांगते, जी ध्वनिमुद्रिका, चरित्र आणि सभागृह यांपैकी कोणालाही सांगता येत नाही: ते संगीत कोणत्या मापाच्या जागेत, कोणत्या शांततेत आणि कोणत्या अडचणीत जन्माला आले. बॉनमध्ये बेटोफेनचे जन्मघर आहे. बेटोफेनचे आईवडील त्या आवारातल्या मागच्या बाजूच्या भागात राहत होते आणि १७७० मध्ये तो जेथे जन्मला ती पोटमाळ्यावरची ठेंगणी खोली आहे. ज्याच्या सिंफनीला आज शंभर वादक आणि दोन हजार श्रोत्यांचे सभागृह लागते, त्याचा जन्म त्या खोलीत झाला हे वाचणे वेगळे आणि त्या जिन्याने वाकून वर जाणे वेगळे. त्याच घरात त्याची पितळी कर्णे आहेत. कान जाऊ लागल्यावर तो ती कानाला लावत असे. त्यांचा आकार पाहिल्यावर बहिरेपणा हा शब्द पुस्तकातला उरत नाही.

फिनलंडमधील सिबेलियसचे ‘आयनोला’ हे घरही असेच काही सांगते. तो १९०४ मध्ये कुटुंबासह तेथे राहायला गेला आणि १९५७ मध्ये वारला. या अर्धशतकात घरात नळाचे पाणी घेतले गेले नाही, कारण नळांचा आवाज त्याला नको होता. आपल्या संगीतकाराला शांतता मिळावी म्हणून एका कुटुंबाने त्रेपन्न वर्षे पाणी बाहेरून आणले, ही त्याच्या संगीताइतकीच जाणून घेण्यासारखी गोष्ट आहे, आणि त्या घराच्या बायकांनी त्यासाठी काय सोसले असेल हेही तेथेच उभे राहिल्यावर मनात येते. नॉर्वेतील बर्गेनजवळ ग्रीगने ‘ट्रोलहाउगेन’ या आपल्या घराच्या खाली, पाण्याच्या काठावर, एक लाकडी खोपटे बांधून घेतले होते. एक पियानो, एक मेज आणि एक खिडकी एवढेच त्यात मावते. तो बाहेर जाताना मेजावर चिठ्ठी ठेवून जात असे: कोणी घुसलेच तर स्वरलेखनाचे कागद तेवढे सोडावेत, कारण ग्रीगखेरीज कोणालाही त्यांचा उपयोग नाही. आता त्या खोपट्याच्या वरच्या अंगाला दोनशे जणांचे छोटे सभागृह आहे. तेथे बसून मैफल ऐकताना मंचामागच्या मोठ्या काचेतून तेच खोपटे दिसते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. खोपटे रिकामेच ठेवले आहे, आणि गाणे त्याच्या नजरेसमोर चालू आहे.

आपल्याकडे तर घराचा आणि गाण्याचा संबंध याहून जवळचा आहे. ‘घराणे’ हा शब्दच ‘घर’ या शब्दापासून आला. किराणा, आग्रा, ग्वाल्हेर, जयपूर-अत्रौली ही नावे गावांची आहेत, पण त्या गावांत गाणे एखाद्या घराच्या ओसरीवर, पहाटेच्या तालमीत, गुरूच्या घरची पाणी भरण्यापासून भाजी आणण्यापर्यंतची कामे करता करता शिकले जात होते. युरोपातल्या संगीतकाराने रचना कागदावर लिहून ठेवली. घर पडले तरी कागद उरला. आपल्या वाग्गेयकाराची, म्हणजे शब्द आणि सूर दोन्ही रचणाऱ्याची, बंदिश शिष्याच्या स्मरणात, एखाद्या शाई पसरलेल्या वहीत, फार तर कोणी घरगुती बैठकीत केलेल्या ध्वनिमुद्रणात असते. घर मोडले की शिष्यांचे जमणे मोडते, वही माळ्यावरून रद्दीत जाते, आणि ज्या खोलीत सूर कसा लागतो हे शिष्यांच्या कानाला ठाऊक होते ती खोली नाहीशी होते. म्हणून विटा गात नाहीत हे मान्य करूनही मला म्हणावे लागते की, आपल्या पद्धतीत घर हे शिकवण्याचे साधन होते, जसा तानपुरा असतो तसे.

मैहर हे गाव जबलपूरच्या पुढे, सतन्याच्या अलीकडे आहे. नागपूरकरांना ते शारदामातेच्या डोंगरामुळे ठाऊक असते. बाबा अल्लाउद्दीन खाँ १९१८ च्या सुमारास तेथे आले आणि १९७२ पर्यंत तेथेच राहिले. रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी या सगळ्यांचे शिक्षण त्या लहानशा गावातल्या एका घराशी जोडलेले आहे. साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून बाबांनी वाद्यवृंद उभा केला, तोच पुढे मैहर बँड. आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ नावाचे वाद्य केले. विसाव्या शतकातील हिंदुस्थानी वाद्यसंगीताचा मोठा भाग एका घराच्या अंगणातून निघाला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. देवीच्या दर्शनाला नागपूरहून जाणाऱ्यांपैकी किती जण त्या घराच्या दारापर्यंत जातात? मीही पहिल्या दोन खेपांना गेलो नव्हतो, कारण कोणी सांगितलेच नाही. बाबांच्या जन्मगावाकडे, बांगलादेशातील ब्राह्मणबारिया येथे, त्यांच्या नावाची संगीतसंस्था आणि संग्रहालय होते; २०१६ मध्ये ते एका दंगलीत जाळले गेले आणि त्यांच्या वस्तू, पत्रे, छायाचित्रे त्यात गेली. एका दुपारी एवढे नाहीसे होऊ शकते, हे लक्षात ठेवूनच पुढचा विचार करायला हवा.

आता नागपूरकडे येतो. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे आईच्या छायेत नागपुरात वाढले आणि त्यांनी गाण्याचे पहिले धडे येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. हिंदी चित्रपटसृष्टीत सी. रामचंद्र या नावाने पुढे गाजलेले रामचंद्र चितळकर हेही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी. वसंतरावांनी मराठी रंगभूमीवर उभा केलेला ‘कट्यार काळजात घुसली’मधला खाँसाहेब आणि १९६३ साली अवघ्या देशाला रडवणाऱ्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गीताची चाल, या दोहोंच्या मागे कुठेतरी नागपुरातली एक गाण्याची शाळा आहे. नागपूरने वसंतरावांना विसरले, असे कोणी म्हणू शकणार नाही. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत समारोह होतो आणि तो ऐकायला पावसातही लोक येतात. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भटांच्या नावाचे त्याहून मोठे सभागृह आहे. ही दोन्ही सभागृहे मला प्रिय आहेत. परंतु त्यांच्या मंचावर सकाळी शाळेचे स्नेहसंमेलन, दुपारी एखाद्या संस्थेची वार्षिक सभा आणि संध्याकाळी सत्कार होतो. नाव वरच्या पाटीवर राहते. आत आल्यावर वसंतराव कोण होते, ते कोणाकडे शिकले, त्यांची तान इतकी अनपेक्षित वळणे का घेत असे, याविषयी सोळा वर्षांच्या मुलाला काहीही कळण्याची सोय नाही. सभागृहाचे ते कामही नव्हे. सभागृहाला नाव देऊन आपण ऋण फेडले असे मानतो, तेथे चूक होते.

मी स्वतः महालातल्या एका वाड्यात पेटी आणि थोडेसे गाणे शिकलो. शिकवणाऱ्या बाई प्रसिद्ध नव्हत्या आणि त्यांचे नाव येथे देण्याचे कारणही नाही. वाड्याच्या दुसऱ्या चौकाला लागून त्यांची खोली होती. तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती, चौथीकडे चौक, वर सागवानी पाटण. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असे आणि त्या खोलीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झंकार, स्वच्छ बोलत असे. बाईंच्या मागे त्यांच्या मुलांनी वाडा विकला. त्या वेळी मला राग आला होता. आज तो राग अन्यायाचा होता असे वाटते. चार भावंडे, त्यांतली दोन बाहेरगावी, छत गळके, भाडेकरूंशी वाद, मालमत्ता कराची थकबाकी आणि एका भावाच्या मुलीचे लग्न. आईच्या गाण्यासाठी त्यांनी हे सगळे अंगावर घ्यावे, असे सांगण्याचा मला, तिच्या विद्यार्थ्याला, कोणता अधिकार होता? आम्ही तीसएक विद्यार्थी शहरात होतो. आमच्यापैकी एकानेही, आपण मिळून ती एक खोली तरी घेऊ, असा प्रस्ताव ठेवला नाही. वाडा उतरवण्याच्या आदल्या आठवड्यात थोरल्या मुलाने मला बोलावून बाईंचा मिरजेचा तानपुरा गवसणीसह हाती दिला.

वारसांना दोष देण्याची सवय आपण सोडली पाहिजे. बनारसमध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ ज्या घरात राहिले आणि रियाझ करीत, त्या घराच्या वरच्या मजल्याची पाडापाडी २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. खाँसाहेब २००६ मध्ये गेले; मधल्या चौदा वर्षांत हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मोठ्या कुटुंबाला, तुम्हाला राहायला दुसरी जागा हवी आहे का, असे विचारले होते? ज्याला भारतरत्न दिले त्याचे घर राष्ट्राचे, आणि त्याचे छत दुरुस्त करण्याचा खर्च मात्र नातवंडांचा, ही विभागणी न्यायाची नाही. ग्वाल्हेरला उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात ‘सरोद घर’ उभे आहे, कारण त्यांचे पुत्र अमजद अली खाँ यांना ते करण्याची इच्छा होती आणि ऐपतही. प्रत्येक गवयाच्या पोटी अमजद अली जन्मत नाही.

मग कोणी करायचे? बॉनचे उत्तर मला सर्वांत अनुकरणीय वाटते. १८८९ मध्ये बेटोफेनचे जन्मघर पाडले जाण्याची वेळ आली, तेव्हा त्या गावातल्या बारा नागरिकांनी एक संस्था काढली, घर विकत घेतले, दुरुस्त केले आणि १८९३ मध्ये ते खुले केले. तीच संस्था आजही ते चालवते. हस्तलिखितांचा आणि पत्रांचा मोठा संग्रह तिने जमवला, संशोधनाचे काम उभे केले आणि शेजारी मैफलींसाठी सभागृह बांधले. बारा माणसे. नागपुरातल्या कोणत्याही संगीतसभेच्या पहिल्या दोन रांगांत याहून अधिक माणसे बसतात. आपल्या देशातही याला तोलामोलाचे उदाहरण आहे. बेटोफेनचे समकालीन असलेले संत त्यागराज १८४७ मध्ये तमिळनाडूतील तिरुवैयारू येथे समाधिस्थ झाले. त्यांची समाधी पडीक अवस्थेत असल्याचे कळल्यावर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने आपले दागिने आणि मालमत्ता विकून तेथे मंदिर उभारले. देवदासी कुळातली ती स्त्री. तेथल्या आराधनेत स्त्रियांना गाऊ दिले जात नव्हते, त्याविरुद्धही ती लढली. आज दरवर्षी आराधनेच्या दिवशी शेकडो गायक-वादक कावेरीकाठी एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती म्हणतात. रशियात क्लिन येथे चायकोव्हस्कीचे अखेरचे घर त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नोकराने विकत घेतले, त्याच्याकडून धाकट्या भावाने घेतले आणि १८९४ मध्ये संग्रहालय केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने तेथे मोटारसायकली ठेवल्या होत्या. सामान त्याआधीच दूर हलवले होते, म्हणून वाचले. तेथे चायकोव्हस्कीचा पियानो आहे, आणि त्याच्या नावाच्या स्पर्धेतील विजेत्यांना तो वाजवायला बसवण्याची रीत आहे. त्या पियानोला काचेत ठेवलेले नाही, यात संग्रहालयाचे सगळे शास्त्र आले असे मला वाटते.

महाराष्ट्राला हे जमत नाही, असेही नाही. मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने राखले. गणपतीपुळ्याला जाणारी कुटुंबे तेथे थांबतात आणि शिळांवर कोरलेल्या कविता मुले मोठ्याने वाचतात. कवितेसाठी जे झाले ते गाण्यासाठी का होऊ नये? आपल्या विदर्भात तर त्याहून जवळचे दाखले आहेत. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामची बापूकुटी आहे. माती, कुड, चटई, आणि साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठीचा चिमटा. तेथे वस्तू थोड्या आहेत म्हणून प्रत्येक वस्तूपाशी माणूस थांबतो. अमरावतीच्या वाटेवर मोझरीला गुरुकुंज आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना आपण संत आणि समाजसुधारक म्हणतो, विद्यापीठाला त्यांचे नाव देतो, पण ते रचनाकार होते, हजारो भजनांचे कर्ते आणि खंजिरी हाती घेतल्यावर गावेच्या गावे जागवणारे गायक होते, ही बाजू आपण मागे ठेवतो. १९६८ मध्ये त्यांचे निर्वाण झाले. त्यांची सामुदायिक प्रार्थना आजही मोझरीला आणि विदर्भातल्या असंख्य खेड्यांत रोज होते. ज्याला संगीतकाराचे जिवंत घर पाहायचे आहे, त्याने जर्मनीला जाण्याआधी तेथे सायंप्रार्थनेच्या वेळी बसावे. मी उलट क्रमाने गेलो, याची मला खंत आहे.

आणखी एक उदाहरण नागपूर-हावडा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. कोलकात्यातील जोडासांकोची ठाकूरबाडी हे रवींद्रनाथांचे पिढीजात घर. १८६१ मध्ये ते तेथे जन्मले आणि १९४१ मध्ये तेथेच गेले. दोन हजारांहून अधिक गीतांची रचना करणारा हा संगीतकारही होता. त्या वास्तूत संग्रहालय आहे, आणि १९६२ पासून संगीत, नृत्य, नाट्य यांसाठीचे रवींद्रभारती विद्यापीठ त्याच आवारातून वाढले. एक अट मात्र ध्यानात घ्यावी लागते: ते जमीनदाराचे घर होते, जागा मुबलक होती. आपल्या गवयांची घरे दोन खोल्यांची, बहुतेक भाड्याची. म्हणून जोडासांकोची नक्कल येथे होणार नाही.

नागपुरात काय करता येईल, याविषयी माझे म्हणणे फार मोठे नाही. नवे सभागृह नको, पुतळा नको. महाल, धंतोली, सीताबर्डी या भागांत अजून काही जुनी घरे उभी आहेत, त्यांपैकी एखादे, निदान एखाद्या घराचा तळमजला, संगीतप्रेमींच्या नोंदणीकृत न्यासाने घ्यावा. विकत घेता येत नसेल तर दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यावा. ते घर अमुक गवयाचेच असावे, असा हट्ट धरू नये. आयझेनाखने तो हट्ट निरर्थक ठरवला आहे. त्या घरात शहरातल्या आणि विदर्भातल्या गायक-वादकांच्या बंदिशींच्या वह्या, पत्रे, घरगुती ध्वनिफिती आणाव्यात, त्यांच्या डिजिटल प्रती कराव्यात आणि मूळ वस्तू कुटुंबाला हवी असल्यास सन्मानाने परत द्यावी. सकाळी तेथे कोणीतरी शिकवावे, संध्याकाळी वीस-पंचवीस माणसांची बैठक व्हावी, ध्वनिवर्धकाशिवाय, म्हणजे सूर जवळून ऐकणे म्हणजे काय हे मोबाइलवर वाढलेल्या मुलांना कळेल. शाळांना आठवड्यातून एक दिवस द्यावा, आणि मुलांकडून तानपुऱ्याच्या तारा छेडून घ्याव्यात, जसा त्या मुलाने ऑर्गनचा भाता ओढला.

महापालिकेने अशा घराला मालमत्ता करात सूट द्यावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. वारसा वास्तूंच्या यादीत घर घेताना नजर बहुधा कोरीव खांबांकडे आणि कमानींकडे जाते; ज्या साध्या खोलीत चाळीस वर्षे तालीम चालली तिच्याकडेही ती जावी, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. यादीतील वास्तूच्या मालकाला विकासहक्क, म्हणजे त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क, दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोय राज्याच्या नियमांत आहे. ती लहान घरांच्या मालकांना समजावून सांगणारे कोणी नसते.

पैशाचा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. मला त्याहून अवघड प्रश्न रोजच्या राबत्याचा वाटतो. कुलूप रोज कोण उघडणार, वाद्यांची निगा कोण राखणार? आपल्या हवेत ही निगा सोपी नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेने भोपळ्याला तडे जातात, कूलर लावला तर दमट वाऱ्याने लाकूड फुगते आणि घोडीवरची जवारी बिघडते, न वापरलेल्या वाद्याच्या तारा गंजतात. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद झाला. पण मिरजेचा कारागीर वर्षातून एकदा नागपूरला बोलावून पंधरा-वीस घरांतली वाद्ये एकत्र दुरुस्त करून घ्यावीत, एवढी साधी व्यवस्थाही आज आपल्याकडे नाही. माणसे येत राहिली, वाजवत राहिली, तर वाद्य कळते केव्हा बिघडले ते. कपाटातल्या वाद्याचे कोणाला कळत नाही.

बाईंचा तानपुरा माझ्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा आहे. मला आता गाता येत नाही, तरी दर रविवारी गवसणी काढून तारा जुळवतो, अर्धा तास छेडतो आणि पुन्हा सैल करून ठेवतो. भोपळ्याला उजवीकडे एक बारीक चीर दिसू लागली आहे. वर सुचवलेली खोली ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी तो मी तेथे नेऊन देईन, एकाच अटीवर, की तो मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर ठेवावा. आमच्या बाईंच्या तीसएक विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांचे पत्ते मी या वर्षी शोधून काढले आहेत. मी धरून आम्ही बारा होतो.